हरणाबाई सिस्टरांचे आकडे

माझं डोकं लवकर फिरतं, हे आधीच सांगून टाकते. वडील सुभेदार. उंब्रजच्या आमच्या घरात सकाळचा चहा साडेपाचच्या ऐवजी पावणेसहाला झाला तरी चौकशी बसायची. त्यामुळे कुणी सांगितलेलं काम सांगितल्यासारखं केलं नाही, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आता जे सांगणार आहे त्यात एका माणसाचा डावा पाय आहे. सिद्धू त्याचं नाव, आटपाडीकडचा मेंढपाळ. तो पाय राहणार की जाणार, हे एका दुपारी माझ्या हातातल्या टॅबवर ठरत होतं आणि मी तो टॅब कौतुकाने लोकांना दाखवत हिंडत होते. पण तिथवर जायचं तर आधी हरणाबाई सिस्टर सांगितल्या पाहिजेत. त्या बाईनं मला सहा महिने जेवढं छळलं, तेवढं आयुष्यात कुणी छळलेलं नाही.

विट्यात आमचं शंभर खाटांचं हॉस्पिटल. ट्रस्टचे अध्यक्ष भाऊसो. इथल्या निम्म्या घरांसारखाच त्यांचाही गलाईचा, म्हणजे सोनं गाळायचा धंदा, दुकान कोइमतूरला. त्यांनी हौसेनं वीस टॅब घेऊन दिले आणि म्हणाले, मला तिकडं बसून मोबाईलवर दिसलं पाहिजे कुठल्या खाटेवर काय चाललंय. त्यासाठी मला नेमलं. मी नर्सिंगमध्ये एमएस्सी, पुण्याला नर्सिंग इन्फर्मेटिक्स शिकलेली. म्हणजे नर्स जे बघते, करते, लिहिते, ते कंप्युटरमध्ये असं भरायचं की त्यातून पुढचं कळावं. दारावर पाटी लागली, 'नर्सिंग माहिती अधिकारी'. गेटवरच्या नाथाजीनं दुसऱ्याच दिवशी ते छाटून 'कंप्युटरबाई' केलं आणि मग तेच चाललं.

हरणाबाई सिस्टर पुरुष वॉर्डच्या इनचार्ज. वय सत्तावन्न, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. उंची माझ्या खांद्यापर्यंत, चाल मात्र अशी की मागं धावावं लागे. जन्म आटपाडी तालुक्यातल्या एका वस्तीवरचा. बाप दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचा आणि पावसाळ्याला परत यायचा. पोरीचं शाळेत डोकं चालतंय म्हणून तिला आत्याकडं ठेवलं. त्या काळात, त्या वस्तीवरनं, मॅट्रिक होऊन सांगलीला नर्सिंगला जाणं म्हणजे काय, याचा विचार मी तेव्हा केला नाही. नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता, तो तरणाच वारला. एक मुलगी सोनिया, तिला एकटीनं शिकवून पुण्याला नोकरीला लावलं. तेहतीस वर्षं याच हॉस्पिटलात, आणि रजा किती, तर मुलीच्या बाळंतपणाला घेतली तेवढीच. हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळली ती एकच गोष्ट, बाई ऐकत नाही.

पहिल्या दिवशी सगळ्या नर्सेसना बसवून मी फळ्यावर चार पायऱ्या काढल्या. आकडा, माहिती, ज्ञान, शहाणपण. आमच्या शास्त्राचा पायाच आहे तो. म्हटलं, "एकशे दोन हा नुसता आकडा. एकशे दोन काय? किलो, का रुपये, का ताप? कशाचा आकडा आणि कुठल्या मापातला, हे कळल्याशिवाय त्याला काडीची किंमत नाही. एकशे दोन ताप म्हटलं की झाली माहिती. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी एकशे दोन ताप, हे कशाचं लक्षण हे कळलं की ते ज्ञान. आणि आता कुणाला बोलवायचं, किती घाई करायची, हे शहाणपण."

सगळ्यांनी वह्यांत उतरवून घेतलं. हरणाबाई सिस्टर मागच्या बाकावरून म्हणाल्या, "म्याडम, ह्या पायऱ्या चढायच्याच हायत का उतरायच्या बी?"

सगळ्या फिसफिस हसल्या. माझं डोकं तिथंच फिरलं. आता वाटतं, त्या बाईनं चेष्टा केलीच नव्हती; वर पोचल्यावर खाली येऊन आकडा पुन्हा तपासायचा का, एवढंच ती विचारत होती.

टॅबवर प्रत्येक रुग्णामागे दर तीन तासांनी एक चौकट भरायची: दुखणं किती? शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. सात आणि वर गेलं की चौकट लाल, चार ते सहा पिवळी, तीनपर्यंत हिरवी. किती साधं आहे! पुण्याच्या हॉस्पिटलात शेंबडं पोरसुद्धा सांगतं. इथं आमच्या वॉर्डात सगळे आटपाडी, खानापूर, जत भागातले मामा लोक. त्यांना तो प्रश्न पूर्ण वाचून दाखवायचा, तीस खाटा, दिवसातून आठ वेळा. कोण वाचतंय! चौथ्या दिवसापासून नर्सेस खाटेशी जाऊन एवढंच विचारायला लागल्या, "मामा, किती?" मामा आकडा सांगायचा, बोट टेकवलं की पुढची खाट. मी ते ऐकलं. खरं सांगायचं तर मला आवडलंच ते. काम भराभर होत होतं.

हरणाबाई सिस्टर मात्र खाटेशी जाऊन उभ्याच. त्या वाकून काहीतरी हळू विचारणार, माणसाच्या तोंडाकडे बघणार, प्लास्टर असेल तर पायाचा अंगठा धरून वर ओढून बघणार, आणि मग टॅबवर एका बोटानं, चुलीवरचं भांडं पोळतंय का बघावं तसं, आकडा टेकवणार. घरी जायच्या आधी पुन्हा एक फेरी, पुन्हा सगळ्यांचे अंगठे. मी म्हणायचे, "सिस्टर, याची चौकट नाहीये टॅबवर. कशाला वेळ घालवता?"

"व्हय," म्हणायच्या आणि पुढच्या माणसाचा अंगठा धरायच्या. त्यांच्या त्या 'व्हय'नं मला रात्रीची झोप नसायची.

मग मला त्यांच्या नोंदींचा संशय यायला लागला. एकदा मी जवळच उभी होते. म्हातारा म्हणाला "चार" आणि यांनी भरले आठ!  पूजा म्हणून एक नवी, चटपटीत नर्स होती, तिला कागद देऊन सांगितलं, पंधरा दिवस सिस्टरांच्या पाठोपाठ तू जा, प्रत्येकाला परत विचार आणि तो सांगेल तो आकडा या कागदावर लिही. पूजानं चाळीस जणांचे आकडे आणले. एकवीस जुळले. एकोणीस जुळले नाहीत. रुग्ण म्हणतोय चार, सिस्टर लिहितात आठ. रुग्ण म्हणतोय आठ, सिस्टर लिहितात पाच. आणि कहर म्हणजे पाच जणांनी सांगितलं होतं बारा! दहापैकी बारा! मी आणि पूजा पोट धरून हसलो. म्हटलं, मामा लोक वाढवून सांगायला लागले, बाराचे दहा धर. आणि या बाराच्या पुढे हरणाबाई सिस्टरांनी काय भरलं होतं? तीन! माणूस दहाच्याही वर गेलाय म्हणतोय आणि बाईनं हिरवी चौकट करून ठेवली, इंजेक्शनसुद्धा नाही.

मी मेमो टाइप केला. 'रुग्णाने न सांगितलेला आकडा नोंदवणे.' त्यांना खोलीत बोलावलं. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"म्याडम," त्या म्हणाल्या, "ही मान्सं जे सांगत्यात ते..."

"सिस्टर, मला तुमचं मत नकोय. त्यांनी सांगितलेला आकडा तुम्ही भरला का? हो की नाही?"

"न्हाई. पर त्येंचं चार म्हंजे..."

"चार म्हणजे चार! पहिलीच्या पोरालाही कळतं. करा सही."

त्यांनी सही केली. अक्षर इतकं सुरेख होतं की त्याचाही मला राग आला. दुसऱ्या दिवसापासून त्यांना वॉर्डातून काढून कपडेखान्यात बसवलं. चादरी मोजायच्या, गॉजच्या घड्या घालायच्या. निवृत्तीपर्यंत तेच. तेहतीस वर्षं वॉर्ड केलेली बाई. त्या म्हणाल्या, "व्हय."

त्यानंतर आठवड्यानं सिद्धू आला. पंचेचाळिशीचा, काटक. भिवघाटाच्या बाजूला रस्ता ओलांडताना पिकअपची धडक बसली होती. मेंढरं वाचवायला हा मध्ये गेला. मेंढरं वाचली, याचं डाव्या पायाचं नळीचं हाड मोडलं. संध्याकाळी वीरधवल सरांनी, म्हणजे आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी, हाड बसवून मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. भाऊ तानाजी तीनशे मेंढरांपाशी, बायको वस्तीवर. खाटेशी कुणी नाही. शुद्धीवर आल्याबरोबर त्यानं पहिलं विचारलं ते हे, की "चालता यील न्हवं? आमचा धंदा समदा पायावरच हाय." सर म्हणाले, "येईल की. का नाही येणार?"

दुसरा दिवस. लगीनसराई होती, भाऊसो कुणाच्या तरी लग्नाला कोइमतूरहून आलेले. चार वाजता हॉस्पिटलात येणार होते. मी सकाळपासून टॅब पुसत होते. त्यांना दाखवायला एखादा चांगला रुग्ण हवा म्हणून नोंदी चाळल्या, तर सिद्धूची नोंद इतकी सुरेख की विचारू नका. सकाळी सातला आठ. लाल चौकट, लगेच इंजेक्शन. दहाला सहा. एकला चार. रेघ अशी उतरत आलेली. बोटांचा रंग ठीक, बोटं गरम, त्या चौकटी पण भरलेल्या. पुस्तकात छापावं असं.

चारला भाऊसो आले, बरोबर ट्रस्टचे दोघं. मी त्यांना सरळ सिद्धूच्या खाटेशी नेलं. म्हटलं, चारची नोंद मी स्वतःच करते, तुमच्यासमोर. आणि मी, एमएस्सी, फळ्यावर चार पायऱ्या काढणारी, वाकून विचारलं, "मामा, किती?"

सिद्धू खाटेची दांडी धरून पडला होता. मुठी आवळलेल्या. टॉवेलाचं टोक दातात. ते त्यानं काढलं आणि म्हणाला, "दोन."

चौकट हिरवी झाली. भाऊसो म्हणाले, "वा! आता हे मला कोइमतूरला बी दिसणार?" मी म्हटलं, "तिथंसुद्धा." त्याच्या मुठी मला दिसल्या नव्हत्या असं नाही. मला वाटलं, मोठी माणसं समोर उभी आहेत, बुजला असेल. टॉवेल परत दातात गेला तोही मी पाहिला. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

भाऊसो चहाला गेले. मी वॉर्डातच टॅब चार्जिंगला लावत होते. साडेचार झाले असतील. हरणाबाई सिस्टर एसटीला निघाल्या होत्या, खांद्याला पिशवी, पायात चपला. कपडेखान्यातून बाहेर पडायचा रस्ता वॉर्डावरून जात नाही. त्या मुद्दाम वळून आल्या होत्या. मला बघून दारात थबकल्या. मी म्हटलं, "सिस्टर, तुमची ड्यूटी इथं नाही." त्या "व्हय" म्हणाल्या आणि आत आल्या. माझ्या देखत पहिल्या खाटेवरच्याचा अंगठा धरला, मग दुसऱ्याचा.  आता हिचा दुसरा मेमो पक्का, हे मनात लिहूनसुद्धा झालं होतं.

सिद्धूच्या खाटेशी त्या थांबल्या. उशाच्या पाटीवरचं नाव वाचलं, त्याच्याकडे बघितलं. पिशवी खाली ठेवली.

"सिद्धू, कसं हाय रं? रुपयात किती?"

"दोन आणं हाय, बाई," तो म्हणाला. घाम फुटला होता त्याला. "सकाळच्याला आठ आणं हुतं. मग सा, मग चार. आता दोनच. गुण उतरत चाललाय. ह्यास्नी सांगतोय तर ह्या 'वा वा' म्हंत्यात."

माझ्या हातातून चार्जरची वायर पडली.

त्यांनी प्लास्टरातून बाहेर आलेला त्याचा अंगठा धरला आणि हळूच वर ओढला. सिद्धू असा ओरडला की पार शेवटच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. दिवसभर आकड्यापलीकडे शब्द न काढलेला माणूस! सिस्टर वळल्या. तेहतीस वर्षांत त्या बाईनं वरच्या माणसाला अरेतुरे केलं नव्हतं म्हणे. मला म्हणाल्या, "बघतीस काय? पळ! सरास्नी आन! पोटरीत दाब चढलाय, प्लास्टर फोडाय पायजे. पाय जाईल त्येचा!"

मी पळाले. सुभेदाराची पोर, पण त्या दिवशीइतकी कधी पळाले नव्हते. वीरधवल सर ओपीडी तशीच सोडून आले. प्लास्टर कापलं. पोटरी फुगून लाकडासारखी कडक झालेली. मोडलेल्या हाडाभोवती आत सूज वाढते, बाहेर जागा नसते, आणि आतलं मांस दाबानं मरायला लागतं; अंगठा वर ओढला की तेच मांस ताणलं जातं. रंग ठीक असतो, बोटं गरम असतात, सगळ्या चौकटी ठीक असतात. ओरडतं ते फक्त दुखणं, आणि दुखण्याच्या आकड्याला मी हिरवा रंग दिला होता. सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "थिएटर!" एवढंच म्हणाले. सव्वापाचला त्यांनी पोटरी दोन्हीकडून उघडून दाब मोकळा केला. हरणाबाई सिस्टर थिएटरच्या दाराशी चपला काढून उभ्या. त्यांची एसटी केव्हाच गेली होती.

मी खोलीत जाऊन तो पूजाचा कागद काढला. एका बाजूला रुग्णांनी सांगितलेले आकडे, दुसऱ्या बाजूला सिस्टरांचे. आणि मग, देवा, काय सांगू! रुपयाचे सोळा आणे. चार आणे गुण, म्हणजे बारा आणे दुखणं राहिलं. सोळात बारा, तर दहात साडेसात. सिस्टरांनी भरले आठ. आठ आणे गुण, म्हणजे निम्मं दुखणं. त्यांनी भरले पाच. बारा आणे गुण, म्हणजे माणूस बरा होत आलेला. त्यांनी भरले तीन. एकोणीसच्या एकोणीस ओळी बरोबर. एकही चुकलेली नाही. त्या एका बोटानं टेकवलेला प्रत्येक आकडा बाईनं मनात हिशेब करून, उलटवून, माझ्या मापात बसवून दिला होता. रुग्णाचा आकडा खाली जाईल तसा सिस्टरांचा वर जातोय, हे कुणीही दोन मिनिटांत बघितलं असतं. आकड्यांतून असंच काही शोधायला मला पगार मिळतो. मी त्यांत फक्त चोर शोधला. आणि ते बारा! ज्यांना आम्ही हसलो ते बारा! दहाच्या मापात बारा कसे येतील, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही, कारण म्हातारे वाढवून सांगतात हे मी आधीच ठरवून बसले होते.

आणि मला हे ठाऊक नव्हतं असंही नाही, त्याचीच जास्त चीड येते. उंब्रजला आमच्या घरी येणारा प्रत्येक डॉक्टर माझ्या आजोबांना विचारायचा, "किती गुण आहे?" आणि आजोबा म्हणायचे, "रुपयात दहा आणं." जन्मभर ऐकलेलं. दवाखान्यात 'किती' विचारलं की आपल्याकडचा जुना माणूस गुण सांगतो, दुखणं नाही. मी पुण्याला गेले आणि तो कान तिथंच ठेवून आले.

सकाळी मी कपडेखान्यात गेले. सिस्टर चादरींच्या घड्या घालत होत्या. मी विचारलं, "ते एकवीस जुळले, त्यांचं तुम्हाला कसं कळायचं? कोण दहात सांगतोय आणि कोण रुपयात?"

"इचारायचं की. पुरं इचारायचं. आन तोंडाकडं बघायचं. कालेजातली पोरं दहात सांगत्यात, मामा लोक रुपयात."

"मग मला का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला. चूक माझी आणि आवाज पण माझाच, असली मी. "एवढी मोठी गोष्ट! सरळ सांगायला काय झालं होतं?"

त्यांनी चादर खाली ठेवली. पहिल्यांदाच त्या माझ्यावर चिडलेल्या बघितल्या. "सांगत हुते न्हवं? तुमीच म्हनला, मत नगं. चार म्हंजे चार. बरं, माझं जाऊ द्या. फळ्यावर कुनी शिकीवलं, कशाचा आकडा, कुठल्या मापाचा, ते आदी बघा म्हून? मी वहीत लिवून घेतलंय ते. आन त्येच करत हुते. तुमीच शिकीवल्यालं तुमास्नीच म्हाईत न्हाई व्हय?"

 मी खाली बसले आणि त्यांच्यासमोर रडले, हेही लिहून ठेवते. त्या म्हणाल्या, "उठा आता. कपडेखान्यात बसून काय हुनार? वार्डात जाऊ."

मेमो मी भाऊसोंच्या समोर फाडला आणि माझी चूक लेखी दिली. ते म्हणाले, "असू दे ओ, पाय वाचला न्हवं?" यावर मला इतका राग आला की खुर्चीवरून उठून चालू लागले. एक माणूस मला बोलायला तयार नाही! वीरधवल सर बोलले, तिसऱ्या दिवशी, आणि तेही अगदी शांतपणे. म्हणाले, "संयोगिता, पाचला आणलात म्हणून पाय आहे. एकला आणला असतात तर त्याला पाऊल पूर्ण उचलता आलं असतं." एकची नोंद: चार. पिवळी.

सॉफ्टवेअरवाल्यांना पुण्याला फोन केला. म्हटलं, दुखण्याच्या चौकटीआधी दोन चौकटी हव्यात. दुखणं की गुण? दहात की रुपयात? तो मुलगा म्हणाला, "मॅडम, आणे आता कुठे चालतात?" मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पंधरा दिवसांत त्यानं चौकटी बनवून दिल्या. तोवर मी प्रत्येक टॅबला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर शाईनं लिहिलं: पुरं विचारा. हरणाबाई सिस्टर वॉर्डात परत आल्या. अंगठे धरायची चौकट पण आता आहे. पूजाला त्या रोज झापतात आणि मलाही.

महिन्यानं सिद्धू घरी निघाला. पोटरीवर कातडी लावलेली, काखेत कुबड्या. तानाजी न्यायला आला होता. सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शेवटची नोंद तुमीच भरा. इचारा त्येला. पुरं इचारा."

मी खाटेशी गेले. "मामा, आता गुण किती? रुपयात?"

त्यानं पाय पुढे घेतला आणि पाऊल वर उचलून बघितलं. ते अर्ध्यापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. तो हसला. "चौदा आणं हाय की, म्याडम. लय झालं. मेंढराच्या मागं हळूहळू जाईन."

मी चौदा भरले. खाली कारण लिहायची जागा असते, रुपया का भरला नाही त्याची. मी तिथं माझं नाव लिहिलं आणि सही केली.